पहिल्या पुलावरून मागे

४ फेब्रुवारी

दादा,

वर 'प्रिय' लिहायची पद्धत आहे. पेन टेकवलं, पण शब्द उमटेना, म्हणून सोडून दिला. कागदावर अशासाठी लिहितेय की फोनवर तू दर दोन वाक्यांनी 'एक मिनिट थांब हं' म्हणतोस. कागदाला थांबवता येत नाही.

तुझी मुलाखत पाहिली. वहिनीने पाठवली होती, बहुधा कौतुकाने. राखाडी कोट, मागे आपल्या गेमचं भिंतभर चित्र, आणि तू मान खाली घालून, आवाज बरोब्बर हवा तेवढाच घोगरा करून सांगतोयस, "आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझा हात धरून ती गेली. हा गेम त्या क्षणी जन्मला." समोर बसलेल्या मुलीने डोळे पुसले. मी चहा ओतत होते, तो बशीत गेला.

दादा, आई गेली तेव्हा तुझ्या मांडीवर लॅपटॉप होता. तू समुद्रापलीकडच्या ऑफिसात कुणाला तरी या गेमचा नमुना दाखवत होतास. तिचं डोकं माझ्याही मांडीवर नव्हतं. ते उशीवर होतं आणि उशीचा अभ्रा मी सकाळीच बदलला होता. दम लागलेल्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं तर त्याला श्वास घेता येत नाही. तिथे असणाऱ्याला हे माहीत असतं.

नंतर तूच मला स्टुडिओत बोलावलंस. "तुझ्याइतकं चांगलं कोण लिहिणार," म्हणालास. मी आले, कारण आईबद्दलचा गेम माझ्याशिवाय होऊ नये असं वाटलं. मुलगा घर सोडून राजधानीला निघतो, पहिल्या पुलावर बहिणीचा निरोप येतो की आई पडली आहे, लगेच ये. पुढे खेळणारा काय निवडतो त्यावर शेवट ठरतो. चार शेवट तुझे. मुलगा राजा होतो, बंडखोर होतो, संन्यासी होतो, आणि चौथा तुझा लाडका, आई त्याच्या मांडीवर प्राण सोडते. पाचवा मी लिहिला. मुलगा उशिरा पोचतो आणि दाराला कुलूप असतं. तो तू भर मीटिंगमध्ये काढून टाकलास. "लोकांना रडायचं असतं, लाजायचं नसतं," हे तुझं वाक्य. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या आठवड्यात माझं नाव लेखकांतून निघून 'विशेष आभारां'त गेलं, कॅन्टीनवाल्याच्या खालोखाल.

मी नोकरी सोडली तेव्हा म्हणे तू सगळ्यांना सांगितलंस की ती रुसलीये, येईल परत. रुसायला समोर समजूत काढणारं माणूस लागतं.

आणि वहिनीला मध्ये घालून तेच तेच विचारणं बंद कर. होय, आई शेवटी तुझ्याबद्दल बोलली. काय बोलली ते मला माहीत आहे. तुला माहीत नाही, आणि ते तसंच राहणार.

गेम आज बाजारात आला. एकदा स्वतः खेळून बघ. मंजूर करणं वेगळं आणि खेळणं वेगळं.

विशेष आभारांतली,
तुझी बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचा फोन आला. मागून तुझा आवाज ऐकू येत होता, "तिला विचार, काय करून ठेवलंय तिने!" बिचारीने ते जसंच्या तसं मला विचारलं. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय अजून गेली नाही. आईच्या औषधांचंही तू असंच करायचास.

सांगते काय केलं ते. आपल्या धंद्यात गेम बाजारात जायच्या शेवटच्या दिवसांत काही पुसत नाहीत. एक धागा ओढला की भलत्याच जागी भोक पडतं, म्हणून नको असलेली गोष्ट आत तशीच ठेवून तिच्याकडे जाणारी वाट तेवढी बुजवतात. पाचव्या शेवटाची वाट बुजवायला तू मलाच सांगितलंस. कुठल्या निवडीनंतर कुठला शेवट, या अटी माझ्याकडे होत्या ना! कुंपणच शेत खाईल असं तुझ्या मनातही आलं नाही. मी ती वाट उघडीच ठेवली. तपासणाऱ्यांना तू चार शेवटांची यादी दिली होतीस, त्यांनी चार तपासले. पाचवा यादीत नव्हता, म्हणून तो कुणी पाहिलाच नाही.

अट साधी आहे. निरोप आल्यानंतर जो वाटेतली जोडकामं, म्हणजे मूळ गोष्टीबाहेरची फुटकळ कामं, घेत बसेल, त्याला कुलूप.

ही अट मी कुणाला बघून लिहिली ते सांगायला नको. लहानपणी घरात एकच कॉम्प्युटर होता, खुर्ची तुझी आणि स्टूल माझं. कुणाची हरवलेली शेळी शोधून दे, कुणाची पैज जिंक, गुहेतली पेटी फोड. नकाशाचा एक कोपरा काळा राहिला तरी तू गोष्ट पुढे नेत नव्हतास. मी रडकुंडीला यायचे. "दादा, चल ना, राक्षस खाईल राजकन्येला." तू स्क्रीनवरची नजरही न हलवता म्हणायचास, "खात नाही गं. आपण जाईपर्यंत ती तशीच थांबते."

सगळ्या गेममध्ये ती थांबते, हे खरंच आहे. तुला ते फार लवकर कळलं आणि नको तिथेही पटलं. म्हणून माझ्या शेवटात आई थांबत नाही. बाकी जग तुझ्यासारखंच खेळतं हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ऐकतेय की जो तो कुलपापाशी येऊन उभा राहतोय आणि तुझ्या मांडीपर्यंत फारसं कुणी पोचतच नाहीये. वाईट वाटलं नाही.

तुझी,
फाटे फोडणारी


३० मार्च

दादा,

वाटलं होतं, तू तो शेवट पुन्हा बुजवशील. तशी तयारीही केली होतीस म्हणे. मग टीकाकारांनी कुलपाची स्तुती सुरू केली. एकाने लिहिलं, 'ते बंद दार बघून मी गेम थांबवला आणि घरी फोन केला.' दुसऱ्या दिवशी तू कॅमेऱ्यासमोर, "लोकांना लाजवायचं धाडस मला करायचं होतं." आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण आधी बीळ बुजवायला सांगणारा नागोबा पहिल्यांदाच पाहिला.

मुलाखतकाराने विचारलं, बहिणीचे संवाद इतके खरे कसे? तू म्हणालास, "आमच्या टीमची मेहनत." त्या वाक्यावर मी टीव्ही बंद केला नाही. उलट आवाज वाढवला. राग नीट मुरायला हवा.

तुला आपला खिळा आठवत असेल. प्रोग्रॅमर, एकदा खुर्चीत बसला की कुणाला उपटता यायचा नाही. तोही तुला सोडून गेला ना? परवा भेटला. त्याने आल्या आल्या विचारलं, "ताई, अजून काय काय ठेवलंयस आत?" मी म्हटलं, "तू काही पाहिलं होतंस का?" तो म्हणाला, "मी पाहिलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. म्हणून नाही पाहिलं." असा माणूस तुझ्याकडे टिकला नाही, यात नवल नाही.

सर्वोत्तम कथेचं बक्षीस तुला मिळतंय, अभिनंदन. कार्यक्रमात विजेत्याने आपला गेम रंगमंचावर खेळून दाखवायचा असतो, असं पत्रिकेत वाचलं. तू अर्थातच घरी खेळून साठवलेला तुझाच खेळ नेशील, एकही जोडकाम न सोडलेला, सगळा नकाशा उजळलेला. जरूर ने. शेवटापर्यंत खेळ.

लोकांना कुलूप दिसतं आणि गेम संपतो. पण ज्याने सगळीच्या सगळी जोडकामं उरकली आहेत, त्याने दार वाजवलं तर कुलूप गळून पडतं आणि आतून कुणीतरी उघडतं. फार थोड्यांना इतका धीर असतो. तुला आहे.

बहीण


२ मे

दादा,

दुपारच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून, मोबाइलवर पाहिलं. माझं नवं काम तुला माहीत नसेल. बँकांच्या फोनवर जी बाई बोलते ना, शिल्लक कळण्यासाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा, तिची वाक्यं मी लिहिते. इथेही फाटेच, पण कुणी मरत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय गं, एवढं हसू येतंय?" म्हटलं, भावाचा सत्कार आहे.

भरलेलं सभागृह, तुझ्यामागे छताएवढा पडदा. निवेदक म्हणाला, "सरांनी नकाशाचा एकही कोपरा सोडलेला नाही!" टाळ्या. तू दार वाजवलंस. आतून कडी निघाल्याचा आवाज आला. तो आपल्या घरच्या कडीचा आहे, मी मुद्दाम तिथे जाऊन घेतला होता. तू तो ओळखलास. मी तुझी मान पाहिली, त्या एका आवाजाने ताठ झाली.

बहिणीने दार उघडलं. "इतके दिवस कुठे होतास?" आणि खाली चार उत्तरं.

'एवढं एक काम उरकतो, की निघालोच.'
'तू आहेस ना तिकडे.'
'डॉक्टरांना मला मेल करायला सांग.'
'आत्ता बोलता येत नाही, आत माणसं बसलीत.'

लोकांना ते संवाद वाटले. तू फोनवर माझ्याशी काय बोललास ते फक्त तुला आणि मला माहीत. तुझा अंगठा हलेना. माझ्या प्रश्नांना मुदत नसते, दादा. खेळणारा निवडत नाही तोवर गेम उभा राहतो, आणि बहीणही दारात उभी राहते. निवेदक हसत म्हणाला, "सर, निवडा की!" तू म्हणालास, कंट्रोलरची बॅटरी गेली. त्याने तुझ्या हातून घेऊन बटण दाबून दाखवलं, चालू होता. मग मागच्या रांगांतून पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "दोन नंबर! दोन नंबर!" आणि सगळ्या सभागृहाने तुझ्या वतीने मला उत्तर दिलं, तू आहेस ना तिकडे.

मला किती बरं वाटलं ते सांगायला उपमा शोधत नाही. खूप बरं वाटलं. डबा सगळा संपवला.

संध्याकाळी वहिनीने फोन करून तुझाच जुना प्रश्न पुन्हा विचारला. ती रडत होती, म्हणून यावेळी उत्तर देते. आई शेवटी काय म्हणाली ते गेममध्ये आहे. एक सहावा शेवट आहे. त्यात ती जिवंत आहे आणि स्वतः बोलते.

शोध.


११ जून

दादा,

कळलं की तू ऑफिसला जात नाहीस. कळलं की आधी तू फायली उघडून बघितल्यास. बघ की. आतमध्ये हजारो वाक्यं आहेत, शेकडो बायका बोलतात, आणि आईचं वाक्य अगदी साधं आहे. त्यावर काही ठसा मारलेला नाही. कदाचित तू ते वाचून पुढेही गेला असशील. मंजूर करतानाही तसाच पुढे गेला होतास.

वहिनी म्हणाली, "सांगून टाका ना ताई, माणूस झिजत चाललंय." मी म्हटलं, त्याला वेळेवर चहा देत जा. तिला ते लागलं. तिचा काही दोष नाही, पण तुझ्या वाट्याचं काही ना काही नेहमी दुसऱ्यालाच लागतं.

ती सांगत होती की तू आता एकही जोडकाम न घेता, घोडा फेकत, राजधानी गाठून सरळ घरी जातोस. आणि दरवेळी चौथा शेवट येतो, तुझीच मांडी. आई तुझा हात धरते आणि मरते, पुन्हा मरते, पुन्हा मरते. स्वतः रचलेलं खोटं असं रोज बघायला लागणं, ही शिक्षा मला सुचली नव्हती. ती तू आपणहून घेतलीस.

तू सगळ्या वाटा पुढे जाऊन शोधतोयस. म्हणून तुला एका गोष्टीची आठवण करून देते. खेळणारा काय वेडेपणा करेल याचा आधी विचार करणं हे लेखकाचं काम असतं. मी तुझ्या टेबलापाशी येऊन विचारलं होतं, पहिल्या पुलावर निरोप वाचून कुणी तिथूनच मागे फिरला तर? तिथे भिंत घालायची का? तू मान वर न करता म्हणालास, "कोण मागे फिरणार आहे? वेळ घालवू नकोस." मी भिंत घातली नाही.

आणखी एक गोष्ट. आई स्वयंपाकघरात पडली त्या दिवशी तू आमच्याकडूनच निघाला होतास. मी फोन केला तेव्हा तू विमानतळावर होतास, विमान सुटायला वेळ होता. तुझ्यामागे सूचना ऐकू येत होत्या. मी म्हटलं, "दादा, मागे फिर." तू काय म्हणालास ते आता सगळ्या सभागृहाला पाठ आहे. पहिल्या नंबरचं उत्तर.

बहीण


२७ जून

दादा,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर इतकं वाईट झालंय हे माहीत नव्हतं.

म्हणजे फिरलास शेवटी. पूल ओलांडला नाहीस, पाठ फिरवलीस, ज्या रस्त्याने आलास त्याच रस्त्याने घरी गेलास. शेळ्या नाहीत, पैजा नाहीत, राजधानी नाही. चहा निवायच्या आत गेम संपतो. आई दाराकडे तोंड करून बसलेली असते आणि म्हणते, "एवढ्यात कशाला आलास? मी काही तुझी वाट बघत नव्हते." मग पडदा काळा होतो.

तू एकच वाक्य विचारलं आहेस, 'ती खरंच असं म्हणाली?'

हो. आता सगळं ऐक, कारण पुन्हा लिहिणार नाही.

तिने पलंग फिरवून घेतला होता, दाराकडे तोंड करून. त्यामुळे कपाट उघडायचं नाही, मी रोज अडखळायचे, पण ती ऐकेना. आपल्या मजल्यावर लिफ्ट थांबली की डोळे उघडायची. शेजाऱ्यांच्या पोराचा पाय वाजला तरी म्हणायची, "बघ गं, कोण आलं." शेवटच्या सकाळी मी तिला सांगितलं, दादा निघालाय, वाटेत आहे. ती हसली. म्हणाली, "तुला खोटं नीट बोलता येत नाही." मग म्हणाली, "आला की त्याला सांग, मी काही त्याची वाट बघत नव्हते. नाहीतर जन्मभर मनाला लावून घेईल."

तू आलास ते वरातीमागून घोडं. सामान दारातच ठेवून विचारलंस, "काही म्हणाली का?" मी म्हटलं, "नाही." ते खोटं मला व्यवस्थित बोलता आलं.

ते वाक्य तुझं होतं. जाता जाता तुला मोकळं करावं म्हणून तिने ते जुळवलं होतं, आणि मी ते तुला दिलं नाही. का, तर ती खोटं बोलत होती आणि मी रोज तो पलंग ओलांडत होते. तुला ते फुकट मिळू नये असं मला वाटलं. आजही वाटतं. निदान मागे फिरून घ्यावं लागलं, तेवढं पुष्कळ झालं. आईने तुला माफ केलं, दादा. मी नाही.

नव्या अपडेटमध्ये माझं नाव लेखक म्हणून सगळ्यात वर घेतलं आहेस, असं लिहितोस. बरं केलंस. कॅन्टीनवाला बिचारा एकटा पडला. मुलाखतीतलं मांडीचं खोटंही जाहीरपणे मागे घेणार आहेस, असं लिहितोस. तेव्हाचं तेव्हा बघू.

आणि पत्राच्या तळाशी, घाईघाईत, वेगळ्या पेनाने लिहिलं आहेस की तुला मला भेटायला यायचंय. अपडेट एकदा बाहेर पडू दे, एवढं एक काम उरकतो, की निघालोच.

ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. कॉम्प्युटरसमोर स्टुलावर बसायचे तेव्हा रडकुंडीला यायचे, तशी आता येत नाही.

ये, नाहीतर येऊ नकोस. मी काही तुझी वाट बघत नाहीये.